लाल रंगात फिका पट्टा, गालिचा खराब आहे का?

प्रश्न: ताई, आजोबांनी क्वेट्ट्याला नोकरीत असताना घेतलेला बलुची गालिचा आमच्याकडे विट्यात आहे, लाल रंगात मधेच फिका पट्टा दिसतो, म्हणजे माल डिफेक्टिव्ह का?

उत्तर: अहो अजिबात नाही, मला तर तो पट्टाच आधी बघावासा वाटतोय! भटक्या टोळ्यांतल्या बायका लोकर थोडी थोडी रंगवायच्या, एक हंडा संपला की दुसरा, मग मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांचा लाल दरवेळी सेम कसा येणार, ह्याला अब्रश म्हणतात. माग जमिनीवर आडवा, मुक्काम हलला की गुंडाळून जनावराच्या पाठीवर, म्हणून कडाही जरा वाकड्या होतात. उलटा करून बघा, हाताच्या गाठी असतील तर नक्षी मागूनही स्पष्ट दिसते, आणि झालर म्हणजे ताण्याचेच (विणकामातले उभे) दोरे, वरून शिवलेली नाही. आपल्या आटपाडी-जतकडच्या घोंगड्यातही काळ्या लोकरीच्या दोन छटा शेजारी येतातच की, अन् ताण्याला चिंचोक्याची खळ, हात लावला की कळतं. गालिच्याला वॉशिंग पावडर लावू नका, आणि पावसाळा संपला की उलटा करून झटका, कसर मागच्या बाजूलाही बसते.