मुलीला गार्नेटवर पीएचडी करायचीय, करू द्यावी का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक एमएस्सी जिऑलॉजीच्या शेवटच्या वर्षाला, मार्क चांगले, बरोबरची मुलं ऑइल, मायनिंग, जीआयएस (संगणकावरचे नकाशे) असं काही ना काही बघतायत आणि ही म्हणतेय की पीएचडी करायची तर रूपांतरित खडकांवरच, त्यातही गार्नेट कसा वाढतो यावर. तुम्ही विचारलंय, "एका लाल खड्यावर चार-पाच वर्षं घालवून तिच्या हातात काय पडणार?" प्रश्न रास्त आहे, आईने विचारायलाच हवा असा आहे. मी स्वतः जिऑलॉजी शिकलेय, पुढे संशोधनात राहिले नाही, पण मायक्रोस्कोपवर पुष्कळ बसलेय, त्यामुळे आधी त्या खड्याबद्दलच बोलते, कारण तुमचं अडलंय ते तिथेच असं मला वाटतं.

रूपांतरित खडक म्हणजे काय, तर समुद्रतळाचा चिखल पुढे डोंगर तयार होताना खोल दाबला जातो, तापतो, पण वितळत नाही. घनच राहतो आणि आतल्या आत बदलतो, म्हणजे जुनी खनिजं मोडतात आणि त्यांचेच अणू घेऊन नवी वाढतात. आधी क्लोराइट, अभ्रक ही पापुद्र्यांची खनिजं, मग आणखी तापलं की गार्नेट. हा गार्नेट मधून बाहेर, थरावर थर चढत वाढतो. त्याला मँगनीज फार प्रिय, त्यामुळे सुरुवातीलाच आजूबाजूचं मँगनीज तो ओढून घेतो, म्हणून मधोमध मँगनीज जास्त आणि कडेकडे कमी होत जातं, लोह-मॅग्नेशियमचं प्रमाणही बदलत जातं. म्हणजे एका खड्यात मधोमध आधीची परिस्थिती आणि काठावर नंतरची, दोन्ही जपून राहिलेल्या असतात. तुमची लेक खड्यावर नाही, त्या खड्यात साठलेल्या तापमान, दाब आणि काळाच्या नोंदीवर काम करणार आहे.

आता ती रोज काय बघते ते सांगते. खडकाचा काप काचेवर चिकटवून घासत घासत ०.०३ मिलिमीटरपर्यंत पातळ करतात, त्याला थिन सेक्शन म्हणतात. तो मायक्रोस्कोपखाली ठेवून दोन पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेची प्रकाशलहर जाऊ देणाऱ्या गाळण्या, एकमेकींना आडव्या लावल्या की अभ्रक निळा-गुलाबी-हिरवा असा पेटून उठतो, क्वार्ट्ज (गारगोटी) करडा-पांढरा दिसतो, आणि मध्येच एक काळाकुट्ट गोल. स्लाइड ठेवायची चकती, म्हणजे स्टेज, कितीही फिरवा, काळाच. नवीन मुलांना वाटतं स्लाइडला भोक पडलंय! तो गार्नेट असतो. मग एक पोलरायझर काढायचा आणि त्याच्या आत नीट बघायचं, तर कधीकधी क्वार्ट्जचे बारीक कण गोगलगाईच्या शंखासारखे वळलेले दिसतात. खडक दाबाखाली सरकत होता आणि हा खडा त्याच वेळी वाढत होता, त्याची ती खूण. हे बघून ज्याचा जीव अडकतो तो अडकतोच, तुमच्या लेकीचं बहुतेक तेच झालंय.

आणि हे नुसतं बघण्यापुरतं नाही हो. स्कॉटलंडमध्ये जॉर्ज बॅरो या भूवैज्ञानिकाने १८९३ मध्ये दाखवलं की कायनाइट, सिलिमनाइट ही खनिजं कुठे सापडतात त्यावरून खडक कुठे किती तापला होता त्याचे पट्टे नकाशावर आखता येतात. कायनाइट, सिलिमनाइट आणि अँडाल्युसाइट या तिघांचं रासायनिक सूत्र एकच, फक्त अणूंची मांडणी वेगळी, तिघं एकत्र टिकू शकतात ते साधारण ५०० अंश सेल्सिअस आणि चार किलोबार (हे दाबाचं माप) यांच्या आसपास. म्हणजे खडकात यातलं कुठलं सापडलं यावरूनच खोलीचा अंदाज बांधता येतो. मग १९८४ मध्ये ख्रिश्चन शोपाँ या भूवैज्ञानिकांना इटलीच्या आल्प्समधल्या डोरा मायरा भागात गार्नेटच्या पोटात कोएसाइट सापडला. कोएसाइट म्हणजे क्वार्ट्जचंच जास्त दाबातलं रूप, जे नव्वद-शंभर किलोमीटर खोलीवर तयार होतं. वर येताना त्यातला बराचसा परत क्वार्ट्ज झाला, फुगला, आणि भोवतीच्या गार्नेटला किरणांसारख्या भेगा गेल्या, पण गार्नेटने कुपीसारखं दाबून धरलं म्हणून थोडा कोएसाइट टिकला. त्या एवढ्याशा कणावरून कळलं की खंडाचा तुकडा इतक्या खोल जाऊन परत वर येऊ शकतो. त्याआधी हे पटणं कठीण होतं.

आता तुमच्या काळजीकडे येते. या विषयातल्या कायमच्या प्राध्यापकीच्या जागा कमी असतात, पीएचडीनंतर दोन-तीन वर्षांच्या पोस्टडॉकवर, म्हणजे संशोधनाच्या तात्पुरत्या नोकरीवर, गाव बदलत फिरावं लागतं, घरापासून लांब राहावं लागतं. हे तिला आत्ताच माहीत असू दे. पण हातात काहीच पडणार नाही हे मला पटत नाही. इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब (खनिजाच्या बारीकशा ठिपक्यात कुठलं मूलद्रव्य किती ते मोजणारं यंत्र) चालवणं, खनिजातल्या युरेनियम-शिशावरून वय काढणं, थर्मोडायनॅमिक्सची मॉडेल्स, डेटासाठी कोडिंग, हे सगळं या पीएचडीत रोजचं काम असतं, आणि ते येणारी माणसं भूवैज्ञानिक सर्वेक्षण, खनिज शोध, मटेरियलच्या लॅब, म्युझियम अशा ठिकाणी लागतात. शिस्टसारख्या पापुद्र्यांच्या खडकातून बोगदा काढायचा तर तो खडक कुठल्या दिशेने सुटेल हेही यांना नीट कळतं.

मला खरी शंका वेगळीच आहे, तिला गणित आणि केमिस्ट्री आवडतं का? पत्रात मार्क लिहिलेत, पण कशात ते नाही लिहिलं. स्लाइड सुंदर दिसते म्हणून येणारी मुलं फेज डायग्रॅम (कुठल्या तापमान-दाबाला कुठलं खनिज टिकतं त्याचे आलेख) आणि एन्ट्रॉपीसारख्या थर्मोडायनॅमिक्सच्या गणितापाशी कंटाळतात, आणि या क्षेत्रात तेच टाळता येत नाही. शिवाय फील्डवर्क, म्हणजे डोंगर चढायचा, हातोड्याने नमुने फोडायचे आणि दगडांची सॅक पाठीवर घेऊन उतरायचं, आणि फील्डवर असेपर्यंत तेही रोज.

गाइडला तिने तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात, लाजायचं काही कारण नाही. नमुने आधीच गोळा केलेत की तिलाच आणायचेत, मायक्रोप्रोबचे तास कुठे मिळणार आणि त्याचे पैसे कुठल्या प्रोजेक्टमधून येणार, आणि त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना पीएचडीला किती वर्षं लागली व ते आता कुठे आहेत. जमलं तर त्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी एकाशी तिने थेट बोलावं, गाइड समोर नसताना. उत्तरं गोलमोल आली तर विषय तोच ठेवून गाइड बदलावा, हे माझं ठाम मत आहे.

आणि निर्णय घेण्याआधी सहा महिने तिने एकाच खडकावर छोटं डिझर्टेशन करून बघावं. रोज तीच स्लाइड, तेच चित्र काढणं, तेच आकडे. सहाव्या महिन्यात ती जेवताना तुम्हाला त्या खड्याबद्दल काही नवीन सांगत असेल तर मला परत लिहा, आपण अर्जाच्या तयारीला लागू.