मांजर संग न्यायचं अन परत आणायचं, जर्मनीवाल्या ताईसाठी

ताई, तुम्ही विचारलं की दिग्रसजवळच्या तुमच्या गावात दोन मांजरं आहेत, एक घरातच राहणारी अन एक कोठ्यात-वावरात हिंडणारा बोका, तुमचं नर्सिंगचं काम स्टुटगार्टकडं ठरत आलंय, तीन-चार वर्षांनी गावी परत यायचं आहे, तर दोघांना न्यावं का, कसं न्यावं अन परत आणू देतात का. मी आर्वीकडची. 2022 च्या ऑक्टोबरात एक मांजर घेऊन जर्मनीत गेले अन 2025 च्या नोव्हेंबरात तिलाच घेऊन घरी आले, त्यामुळं दोन्ही बाजूचं सांगते. जरा लांबेल, पण पूर्ण वाचा, कारण यात एक तारीख चुकली की महिने जातात.

पहिली गोष्ट, व्हिसाची वाट पाहू नका, उद्याच मांजराची चिप करा. जर्मनी म्हणजे युरोपियन युनियन, अन भारत त्यांच्या रेबीजच्या यादीत कमी धोक्याचा देश नाही, म्हणून आपल्याकडून जाणाऱ्या मांजराला क्रम ठरलेला आहे. आधी मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवायची ओळखीची चिप, 15 आकडी, आयएसओवाली. मग रेबीजचं इंजेक्शन, मांजर किमान 12 आठवड्यांचं पाहिजे. इंजेक्शनपासून किमान 30 दिवसांनी रक्त काढायचं, त्याची टायटर टेस्ट, म्हणजे लसीनं रक्तात रेबीजविरुद्ध ताकद किती आली ते पाहायची तपासणी, युरोपियन युनियननं मान्य केलेल्या लॅबमध्येच होते, त्यात आकडा 0.5 किंवा वर आला पाहिजे. अन रक्त काढल्याच्या तारखेपासून 3 महिने पूर्ण झाल्याशिवाय तिकडं पाय ठेवता येत नाही. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी साडेचार-पाच महिने धरा, मी तर सहा-सात म्हणीन.

क्रमाचं एवढं काहून सांगून राहिले तर आमचंच चुकलं. मार्चमध्ये मी चिंगीला जवळच्या ढोरांच्या दवाखान्यात नेलं, तिथं रेबीजचं इंजेक्शन देऊन कार्डावर शिक्का मारून दिला अन चिप नंतर नागपूरला बसवा म्हणाले. मी खूश, एक काम झालं. एप्रिलमध्ये नागपूरला गेलो तर तिथल्या डॉक्टरनं कार्ड पाहिलं अन सरळ सांगितलं की चिपच्या आधीचं इंजेक्शन धरत नाहीत, कारण कागदावरचं मांजर हेच मांजर हे चिपशिवाय कळणार कसं. मग त्याच दिवशी चिप, स्कॅनर फिरवून नंबर वाचला अन मग परत इंजेक्शन. एक महिना गेला तो गेलाच. त्यामुळं तुम्ही चिप आधी किंवा त्याच बैठकीत करा, अन कार्डावर चिपचा नंबर, चिपची तारीख, इंजेक्शनची तारीख, लसीचा बॅच नंबर हे सगळं डॉक्टरच्या हातानं लिहून घ्या, तिथंच उभं राहून एक एक आकडा ताडून पाहा. पंधरातला एक आकडा चुकला तर पुढचे सगळे कागद त्या चुकीवर उभे राहतात.

रक्त आमचं मेच्या शेवटी काढलं, अन मेमध्ये नागपूर म्हणजे तुम्हाला सांगायला नको. चिंगीच्या गळ्याजवळचे केस मशीननं काढले, मी तिचे पुढचे पाय धरलेले, ती ओरडली नाही, फक्त माझ्या मनगटावर तोंड टेकवून थरथरत राहिली, अन तिची ती थरथर मला अजून हातात जाणवते. रक्तातलं पाणी म्हणजे सिरम वेगळं करून बर्फाच्या डब्यात ठेवून ते पाठवावं लागतं, हे काम आपण स्वतः करायच्या भानगडीत पडू नका, ज्या डॉक्टरनं आधी असे सॅम्पल पाठवलेत त्याच्याकडूनच करा. नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, माफसू विद्यापीठाचं, मी तिथून विचारपूस सुरू केली होती. रिझल्ट चांगला आला की तो कागद जपून ठेवा, पुढची रेबीजची इंजेक्शनं वेळेच्या आत घेत राहिलं तर ती टेस्ट पुन्हा करावी लागत नाही. एक दिवसही गॅप पडला तर सगळं पहिल्यापासून.

आता दोघांना न्यायचं का, याच्यावर मी स्पष्ट बोलते, राग मानू नका. घरातली न्या. बोका ठेवा. माझाही असाच एक होता, भुऱ्या, कोठ्यातच जन्मला, रात्री तुरीत उंदरं मारायचा अन संध्याकाळी धारेच्या वेळेवर बरोबर आईच्या पायाजवळ. मला दोघांनाही न्यायचं होतं, चिप पण दोघांना करायची म्हणत होते. तर आई म्हणे, "काहून नेतं वं त्याले, थो इथला हाये, चार भिंतीत मरन थो." मी चार दिवस रडले पण तिचं बरोबर होतं. तिकडं आम्ही तिसऱ्या माळ्यावर दोन खोल्यांत राहिलो, बाल्कनीला जाळी, डिसेंबरात दुपारी साडेचारला अंधार. चिंगीला गादी अन खिडकी पाहिजे, तिचं निभलं. भुऱ्या दार खरवडून खरवडून वेडा झाला असता. जायच्या आधी त्याचं ऑपरेशन करून घेतलं, लस दिली, अन आईला दर वर्षी लस द्यायचा महिना लिहून कॅलेंडरच्या मागं चिकटवून दिला. तुमच्या घरी सासूबाई-सासरे त्याला ओळखतात का, वाटीभर दूध-भाकर कोण टाकेल, हे आधी पक्कं करा, अन कोणीच नसेल तर मग वेगळा विचार करावा लागेल.

प्रवासाचं. नागपूरहून दोह्याचं विमान आहे म्हणून मन तिकडं धावते, पण कतार एअरवेज मांजर केबिनमध्ये नेऊ देत नाही, अन जाताना जे सरकारी सर्टिफिकेट लागते ते देणारं एक्यूसीएस म्हणजे प्राणी क्वारंटाइनचं ऑफिस नागपूरला नाही, आपल्याला सोयीचं मुंबई. म्हणून मुंबईहून थेट फ्रँकफर्ट किंवा म्युनिक हेच बरं. लुफ्तान्सामध्ये मांजर अन बॅग मिळून 8 किलोपर्यंत केबिनमध्ये चालते, बॅग मऊ पाहिजे, समोरच्या सीटखाली मावणारी. एका विमानात मोजकेच प्राणी घेतात, तर आधी फोन करून मांजराची जागा आहे का विचारा अन मगच तुमचं तिकीट काढा, उलटं करू नका. अन बोका न्यायचाच ठरला अन तो सहा किलोचा असेल तर बॅग धरून काटा कुठं जातो ते घरच्या वजनकाट्यावर पाहून घ्या.

मुंबईला निदान तीन-चार दिवस आधी पोचा. एक्यूसीएसची अपॉइंटमेंट उडायच्या आठवडाभर आतली लागते, ते मांजर पाहतात, चिप वाचतात, कागद तपासतात. युरोपचा जो हेल्थ सर्टिफिकेटचा फॉर्म आहे त्यावर सरकारी डॉक्टरची सही-शिक्का लागतो अन तो सहीपासून तिथं उतरेपर्यंत 10 दिवसच चालतो. मांजर अन मालक सोबत नसतील तर दोघांच्या प्रवासात 5 दिवसांपेक्षा जास्त अंतर नको, म्हणजे "मी आधी जाते, नवरा दोन महिन्यांनी मांजर आणेल" हे या नियमात बसत नाही, बरेच जण इथं फसतात.

बॅगची सवय घरूनच. आम्ही बॅग सहा महिने दिवाणावर उघडी ठेवली, आत आईच्या जुन्या लुगड्याची गोधडी, चिंगी पहिले वास घेऊन निघून जायची, मग एक दिवस दुपारी पाहते तर आत वेटोळं करून झोपलेली. तीच गोधडी विमानात. झोपेचं औषध देऊ नका, उंचीवर श्वासाचा त्रास होऊ शकतो, डॉक्टर पण नाहीच म्हणतात. उडायच्या पाच-सहा तास आधी थोडं खाऊ घाला, पाणी देत राहा, खाली पॅड. अन एअरपोर्टवर सिक्युरिटीत मांजराला बॅगेतून काढून हातात घेऊन जावं लागते, बॅग मशीनमधून जाते, त्या वेळेस हार्नेस अंगावर पाहिजेच पाहिजे, तिथं मांजर सुटलं तर कुठं शोधाल. गावाहून मुंबई आम्ही भाड्याच्या गाडीनं गेलो, तेव्हा समृद्धी सुरू नव्हता, पूर्ण रात्र गेली. रेल्वेत प्राणी संग ठेवायचा तर फर्स्ट एसीचं अख्खं कूपे लागते, त्यापेक्षा गाडी सोपी.

फ्रँकफर्टला कस्टमच्या हिरव्या रांगेतून निघून जाऊ नका, लाल रांगेत जाऊन स्वतःहून सांगा की मांजर आहे. आमचे कागद पाहिले, चिप वाचली, झालं. पुढं रेल्वेत घरच्या मांजराएवढा प्राणी बंद बॅगेत असला तर तिकीट लागत नाही.

तिकडचं थोडक्यात. घर घेताना मालकाला आधीच सांगा. 2013 मध्ये तिथल्या सर्वोच्च कोर्टानं म्हटलंय की भाडेकरारात कुत्री-मांजरं सरसकट बंद असं लिहिता येत नाही, पण वाद घालून घर मिळत नसते, विचारून मिळते. कुत्र्याला टॅक्स आहे, मांजराला नाही. डॉक्टरची फी सरकारी तक्त्यानं ठरते अन 2022 च्या नोव्हेंबरात ती चांगलीच वाढली, त्यामुळं दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाका. तासो म्हणून फुकट नोंदणी आहे, चिपचा नंबर तिथं टाकून ठेवा. अन एक गोष्ट मी हात जोडून सांगते, तिथल्या खिडक्या वरून तिरप्या उघडतात, मांजर त्या फटीत उडी मारते, खाली घसरते अन पोटाशी अडकते, जितकी धडपड करते तितकी आत रुतते. जीव जातो. घर घेतल्या दिवशी त्या खिडकीला जाळी लावा, नाहीतर तिरपी उघडूच नका.

तिथल्या डॉक्टरकडून युरोपचा पेट पासपोर्ट बनवून घ्या. मधात सुट्टीत मांजराला घेऊन गावी यायचा विचार करू नका, तिला त्रास, तुम्हाला त्रास. पण परत आल्यावर पुन्हा जर्मनीत जायची थोडीशीही शक्यता असेल तर तिथून निघायच्या आधी टायटर टेस्ट तिथंच करून पासपोर्टवर नोंदवा, अन रेबीजची इंजेक्शनं वेळेवर चालू ठेवा, मग परत जाताना ते 3 महिने थांबावं लागत नाही.

आता परतीचं, जे कोणी सांगत नाही. भारतात मांजर आणायला एक्यूसीएसची एनओसी आधी काढावी लागते, उतरल्यावर नाही. मांजर उतरू शकते ते दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद, कोची अशा ठरावीक ठिकाणीच. परदेशात दोन वर्षं राहून कायमचं परत येणाऱ्या माणसाला दोन प्राण्यांपर्यंत आणता येतात, त्याच्या आधी आलात तर परवानगीचं प्रकरण वाढते, म्हणून नोकरीचा करार पाहताना हे पण डोक्यात ठेवा. जाताना मुंबईत मिळालेलं सर्टिफिकेट फेकू नका, परत येताना ते दाखवलं की हे मांजर इथूनच गेलं होतं हे कळते, मी मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत तीन वर्षं जपला. अन सगळ्यात मोठा खड्डा हा की तिकडं रेबीजची लस तीन वर्षं चालते असं डॉक्टर सांगतात, पासपोर्टवर तसंच लिहितात, पण आपल्याकडं ती निघायच्या महिनाभर आधीची अन 12 महिन्यांच्या आतली पाहिजे. मी निघायच्या दोन महिने आधी परत एक घेतली. शेवटी तिथल्या फेटेरिनेरआम्टची म्हणजे सरकारी पशुवैद्यकाची सही, तिची अपॉइंटमेंट पण आधीच धरा.

महिना नोव्हेंबर-डिसेंबरच निवडा. जर्मनीतून मेमध्ये 45 डिग्रीत मांजर आणणं म्हणजे तिच्यावर अन्याय. आम्ही आलो तेव्हा कापूस वेचणी चालू होती, समृद्धी त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईपर्यंत पूर्ण झाला होता, सकाळी घरी.

घरी आल्यावर घाई केली नाही. चिंगी तीन वर्षं जमिनीवर चालली नव्हती. तिला मधल्या खोलीत तीन आठवडे ठेवलं, जंताचं औषध, गोचीड-पिसवांचं औषध, आपल्याकडच्या लसी. भुऱ्या जिवंत होता, एक कान फाटलेला, मला पाहून जवळ आला नाही, आईच्या मागं जाऊन बसला. चिंगीचा वास आल्यावर दारावर फुगून उभा. मग तिची गोधडी त्याच्या पोत्यावर अन त्याचं पोतं तिच्या खोलीत, असं अदलाबदल करत करत, दाराच्या दोन्ही बाजूला ताटल्या ठेवून, हळूहळू जमवलं. आता एका ओसरीत असतात, जवळ बसत नाहीत, पण भांडत पण नाहीत. वावरात मात्र मी तिला सोडत नाही. फवारणीच्या दिवसांत पऱ्हाटीतून मांजर गेलं की औषध पायाला लागते, ते पाय चाटते, अन उंदरांचं विष खाल्लेला उंदीर खाल्ला तरी तेच. साप वेगळेच. तुमच्याकडं पण कापूसच आहे, तर परत आल्यावरचा हा विचार आत्तापासून असू द्या.

चिप बसली की चिपची अन इंजेक्शनची तारीख मला टाका, रक्त कधी काढायचं अन लवकरात लवकर कधी निघता येईल ते मी दिवस मोजून सांगते.