परदेशी जाताना भारतातलं सिम बंद करावं का?

नोकरीसाठी जर्मनीला जाताय आणि इथलं प्रीपेड सिम बंद करू का असं विचारलंत. कृपा करून करू नका! बँक, आयकराचं पोर्टल, पीएफ, सगळ्यांचे ओटीपी त्यावरच येतात. आधारचा ओटीपी तर परदेशी नंबरवर येतच नाही.

नुसतं खणात टाकूनही चालणार नाही. 90 दिवस वापर झाला नाही तर कंपनी नंबर बंद करू शकते, आणि पुढे तो दुसऱ्याच कुणाला मिळतो. माझ्या मावसबहिणीचं हेच झालं. पडद्यावर 'ओटीपी पाठवला आहे' आणि नंबरचे शेवटचे चार आकडे दिसायचे, हातात मात्र काहीच यायचं नाही. सुट्टीत घरी येऊन शाखेत फॉर्म भरेपर्यंत सात महिने गेले.

तेव्हा निघण्याआधी इंटरनॅशनल रोमिंग इथूनच सुरू करून घ्या, तिकडे गेल्यावर ते करणं फार जिकिरीचं होतं. दोन सिमचा फोन असेल तर उत्तम. भारतातल्या सिमचा डेटा तेवढा बंद ठेवा. रिचार्जची तारीख घरी कुणाला तरी सांगून ठेवा.

गूगल खात्याचे 10 बॅकअप कोड मिळतात, ते कागदावर उतरवून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा. फोन चोरीला गेला तर खात्यात शिरायला तोच कागद कामी येतो. आणि बँकेला कळवून बचत खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं इथलं खातं) करून घ्यायचं विसरू नका, तो नियमच आहे.