आईचं वय ५८, कंबरेच्या मणक्यांमधली चकती (डिस्क) झिजलेली. कृत्रिम चकती बसवावी का?

मडगावच्या डॉक्टरांनी सुचवलंय म्हणता, पण घाई नको. आधी विचारा, दुखणं नक्की त्या चकतीचंच आहे का? पन्नाशीनंतर झिजलेली चकती काहीच न दुखणाऱ्यांच्या एमआरआयमध्येही दिसते. फिजिओथेरपी निदान सहा महिने नीट झाली नसेल तर ऑपरेशनचा विषयच काढू नये.

यात खराब चकती काढून धातूच्या दोन चपट्या प्लेटा आणि मध्ये बहुधा पॉलिथिलीनचा गाभा बसवतात. फ्युजन या दुसऱ्या ऑपरेशनमध्ये मणके कायमचे जोडले जातात; इथे हालचाल राहते, हाच काय तो मोठा फायदा. मात्र कंबरेसाठी वाट पोटाकडून, मोठ्या रक्तवाहिन्या बाजूला सारून. तेव्हा सर्जनला ‘अशा किती केल्या?’ हे बेधडक विचारा. राग आला तर येऊ दे.

आईंच्या वयात हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी हवीच. हाडं ठिसूळ असतील तर कृत्रिम चकती मणक्यात रुतू शकते. मणक्यांना मागून जोडणारे फॅसेट सांधे झिजलेले किंवा मणका पुढे सरकलेला असेल, तरी हा पर्याय बाद. माझ्या मते या वयात बरेच जण इथेच गळतात.

दुसरं मत बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) घ्या. दीनदयाळ कार्डावर (गोवा सरकारची आरोग्य विमा योजना) काय बसतं ते लेखी मागा, ‘मागीर बघूया’वर जाऊ नका. लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा पाय लुळा पडू लागला, तर ओपीडी नको, थेट कॅज्युअल्टी गाठा.