ख्रिस्ती माणूस नियमशास्त्रातून मोकळा झाला, मग सेवा कशाला करायची?

तुम्ही विचारलंय की तारण, म्हणजे पापातून सुटका, नियमशास्त्र (मोशेनं दिलेले यहुदी धर्माचे नियम) पाळून नाही तर फुकट कृपेनं मिळतं असं तुम्ही लोक म्हणता, मग वाटेल तसं वागायला मोकळे झालात ना, आणि तरी सेवा करता म्हणजे त्यामागं काहीतरी हेतू असणारच. मी संभाजीनगरची, जन्मानं ख्रिस्ती, मला समजलंय तेवढं सांगते.

पौल म्हणजे येशूचा संदेश पसरवणारा सुरुवातीच्या काळातला प्रेषित. त्यानं गलतीकरांस पत्र लिहिलं, बायबलमध्ये आहे ते, ते एका भांडणात. गलतीया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला भाग, तिथल्या यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांना काही जण सांगायला लागले की नुसत्या विश्वासानं भागत नाही, सुंता करा तरच देवाचे. पौल लई चिडला. पाचव्या अध्यायात तो म्हणतो ख्रिस्तानं तुम्हाला मोकळं केलंय, परत जू मानेवर घेऊ नका, आणि थोडं पुढं गेलं की म्हणतो पण ही मोकळीक देहाच्या चैनीसाठी वापरू नका, प्रेमानं एकमेकांची सेवा करा.

आता गंमत बघा, हाच पौल तीत नावाच्या आपल्या सोबत्याची सुंता करायला साफ नकार देतो कारण तिथं ती अट म्हणून मागितली होती, आणि तीमथ्य या दुसऱ्या सोबत्याची मात्र स्वतः करून घेतो कारण त्या भागातल्या यहुद्यांमध्ये काम करायचं होतं. लोकांना हे उलटसुलट वाटतं, मला नाही वाटत. सक्ती केली तर नाही, समोरच्यासाठी असेल तर हो. करिंथ शहरातल्या विश्वासणाऱ्यांना तर तो लिहितो की माझ्या मांस खाण्यानं भाऊ अडखळत असेल तर मी मांसच खाणार नाही. आमच्या वाड्यात आषाढी एकादशीला आम्ही मटण शिजवत नाही, आम्हाला कुणी बंदी केलेली नाही, पण शेजारच्या आजींचा उपास असतो, त्यांच्या दारात फोडणीचा वास कशाला न्यायचा.

आता हेतूचं. देवाकडून काही कमवायचं असतं तर मी सेवा करताना माझ्या पुण्याचा हिशोब बघितला असता, समोरचा माणूस नुसता निमित्त. ते कमवायचं कामच संपलंय म्हणून तर त्याच्याकडं नीट बघता येतं. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरनं 1520 मध्ये हेच मांडलं होतं, ख्रिस्ती माणूस विश्वासानं कुणाचाच गुलाम नाही आणि प्रेमानं सगळ्यांचा चाकर आहे.

आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, पोरं घाटीत, इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात जातात. बीड, हिंगोली, परभणीहून पेशंट घेऊन आलेल्या नातेवाईकांना केसपेपर कुठं काढायचा, रक्तपेढी कुठल्या बिल्डिंगीत, हेच कळत नाही, रात्री आवारातच झोपतात बिचारे. पोरं सोबत चालतात, लाईनीत उभी राहतात, कधी डबा देतात. पत्रक नाही, चर्चला या म्हणणं नाही. आजारी माणसाच्या गरजेला गळ लावायचा म्हणजे परत सौदाच झाला की, आणि जो कुणी तसं करत असेल, आमच्यातला का असेना, तो चुकतोय असं मी उघड म्हणते.

एक अजून, हे तुम्ही विचारलं नाही पण राहवत नाही. सेवेचं हे वचन आपल्याकडं घराघरात बायकांनाच ऐकवलं जातं, सुनेला तर जास्तच. पौल मात्र ते सगळ्या मंडळीला लिहितोय, पुरुषांना धरून, आणि येशूनं शिष्यांचे पाय धुतले तेव्हा गुरू तोच होता. नाताळच्या प्रीतिभोजनाला स्वयंपाक आमचा, वाढायचं आम्ही, भांडीपण आम्हीच, असं वर्षानुवर्षं चाललेलं. मी मीटिंगमध्ये हा विषय काढला तेव्हा दोघातिघांची तोंडं वाकडी झाली, पण पाळकसाहेब, म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू, उठून म्हणाले ताईंचं बरोबर आहे. आता पातेली पुरुष घासतात, आणि सुरुवात पाळकसाहेबांनीच केली.