‘तिला वेळ असतो’

पत्र: मी गोव्यातल्या डिचोलीची, वय २७, देव मानत नाही. यूट्यूबवर देव, कर्मकांड आणि बाईच्या जगण्यावर मराठीत व्हिडिओ करते. मागच्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, ‘नेवऱ्या कोण तळतं आणि आरतीला पुढे कोण उभं राहतं’ हा व्हिडिओ टाकला, तेव्हापासून बाबा बोलत नाहीत. काका म्हणतात, यंदा मूळ घरात पाऊल ठेवू नकोस. बलात्काराच्या धमक्या येतात. घाणेरड्या कमेंट रात्री आईच काढून टाकते, तिला वेळ असतो. चॅनल बंद करू का?

उत्तर: नको करू. देव न मानण्याची मोकळीक संविधानाच्या २५व्या कलमातल्या सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यातच येते, तिला काकांची परवानगी लागत नाही. बाबा कधीतरी बोलतील. नाही बोलले तरी तू उभी राहशील.

मी अडले ते तुझ्या तीन शब्दांपाशी. तिला वेळ असतो.

कुठून येतो गो हा वेळ? नारळ खवण्यापासून खतखत्याच्या भाज्या चिरण्यापर्यंत बायकांचे हात किती राबतात, हे तूच दाखवलंस. त्यातलीच एक बाई तिन्हीसांजेला तुळशीपुढे दिवा लावते, जेवणं उरकते, भांडी घासते आणि मग चष्मा लावून फोन हातात घेते. परके पुरुष तिच्या मुलीच्या शरीराचं काय करू म्हणतात, ते एकेक वाचते. वाचल्याशिवाय काढता येत नाही ना! तू ते वाचत नाहीस, कारण तिने आधीच वाचलेलं असतं. सकाळी चहाही तीच देते. हे वाचून मला राग आला तो काकांचा नाही, तुझा.

शिवाय तिच्या हातून पुरावा पुसला जातोय. पाठलाग, लैंगिक शेरे, जिवाची धमकी, हे सगळे भारतीय न्याय संहितेत गुन्हे आहेत, कलमं ७८, ७५ आणि ३५१. पण पोलिसांना मजकूर, लिंक, तारीख हवी. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर तरी धमकीला नुसतं ‘घाण’ म्हणून पुसून टाकू नये.

तेव्हा आज रात्री आईच्या फोनमधून चॅनल काढ. आजच. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये अडवायच्या शब्दांची यादी देता येते. मराठी, कोंकणी, रोमी लिपीतल्या सगळ्या शिव्या तू स्वतः टाईप कर. लिहिताना हात थांबेल, थांबू दे. त्यातूनही जे सुटेल त्याचे स्क्रीनशॉट काढून ठेव आणि ते घेऊन रायबंदरच्या सायबर क्राइम पोलीस ठाण्यात जा. काढून टाकणं त्यानंतर, तेही तुझ्याच हाताने.

आईला मात्र ‘तुझ्या डोळ्यांना त्रास होतो म्हणून’ असलं काही सांगू नकोस. हे काम तुझं नव्हतं, मी ते तुझ्यावर टाकलं, एवढंच म्हण आणि तिच्याजवळ बस. ती रडेल, किंवा गप्प राहील. कदाचित म्हणेल, नेवऱ्यांचा तो व्हिडिओ मलाही लागला होता. म्हणू दे, मध्ये बोलू नकोस.

आणि त्यावर व्हिडिओ करू नकोस.