सांगलीत घरी ठेवलेल्या सर्व्हरचं कनेक्शन सारखं तुटतं, मशीनही आपोआप बंद पडतं. एसएमपीएस (कॅबिनेटमधला, कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) बदलू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विश्रामबागला घर, जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू (विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स सिस्टिम) टाकून त्यात घरचे फोटो आणि दुकानाचा हिशोब ठेवलाय. संध्याकाळी कनेक्शन तुटतं आणि दोन-तीन मिनिटांत आपोआप येतं. अधूनमधून सकाळी मशीन बंदच सापडतं. घरात इन्व्हर्टर आहे, आणि कॉम्प्युटरचा दुकानदार म्हणतो एसएमपीएस गेलाय.

एसएमपीएस आत्ताच घेऊ नका. गेलाही असेल, पण मशीन स्वतःच्या नोंदी ठेवतं आणि त्या अजून कुणी वाचलेल्या दिसत नाहीत. नोंदींच्याही आधी हिशोबाची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढा, आजच. लिहिण्याच्या मधेच वीज तुटत राहिली तर डेटाबेसची फाइल कधी बिघडेल याचा नेम नसतो. ती डिस्क सर्व्हरच्या शेजारी ठेवू नका. 2019 आणि 2021 चा पूर बघितलेल्या गावात दोन्ही प्रती एकाच तळमजल्यावर असणं बरं नाही.

आता तुमच्या "दोन-तीन मिनिटांत आपोआप येतं" या वाक्याकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती त्यातच आहे. जुन्या डेस्कटॉपला रीस्टार्ट होऊन पुन्हा चालू व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो. फायबरच्या राउटरलाही तेवढाच लागतो. म्हणजे तुम्ही ज्याला कनेक्शन तुटणं म्हणताय ते कदाचित तुटणं नसेलच, दोघांपैकी एक जण बंद होऊन परत उठत असेल. पुढच्या वेळी नेट आलं की लगेच सर्व्हरवर अपटाइम ही कमांड द्या, ती मशीन किती वेळ चालू आहे ते सांगते, आणि राउटरच्या सेटिंगच्या पानावर तो किती वेळ चालू आहे तेही बघा. सर्व्हर पाच मिनिटांपूर्वीच उठलेला दिसला, तर तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असण्याची शक्यता मोठी. राउटर नुकताच उठलेला दिसला, तर त्याचा बारा व्होल्टचा अडॅप्टर आणि तो कुठल्या पॉइंटवर लावलाय ते तपासा. बऱ्याच घरांत सर्व्हर इन्व्हर्टरच्या लाइनवर असतो आणि राउटर टीव्हीशेजारच्या साध्या पॉइंटवर.

दोघंही कधीचे चालू असतील तर मग केबलकडे वळायचं. कर्नलच्या (उबुंटूच्या गाभ्याच्या) नोंदीत "लिंक डाउन", "लिंक अप" अशा जोड्या, म्हणजे केबलचा संपर्क तुटल्याच्या आणि जुळल्याच्या ओळी, दिसतात का बघा. सर्व्हरचं नेटवर्क कार्ड आणि राउटर दोन्ही गिगाबिटचे (1000 एमबीपीएस वेगाचे) असून लिंक 100 वरच जुळत असेल, तर बहुधा लॅन केबलमधली तारांची एखादी जोडी तुटलीय किंवा टोकाचं क्रिम्पिंग ढिलं आहे. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, 100 ला दोन पुरतात, म्हणून अशी केबल अर्धवट चालत राहते आणि कुणाला संशय येत नाही. लिंकही धड असेल तर आयपीची टक्कर बघा, म्हणजे दोन उपकरणांना एकच नेटवर्क पत्ता मिळतोय का ते. सर्व्हरला हाताने दिलेला पत्ता राउटर ज्या पट्ट्यातून आपोआप पत्ते वाटतो त्यातलाच असला, की संध्याकाळी घरातले मोबाइल परत आल्यावर एखाद्याला तोच पत्ता मिळू शकतो. पत्ता त्या पट्ट्याबाहेरचा द्या.

मशीन बंद पडण्याच्या तक्रारीसाठी टर्मिनलवर जर्नलसीटीएल कमांडला आधीच्या बूटच्या, म्हणजे मागच्या खेपेला मशीन चालू होतं तेव्हाच्या, नोंदी मागा (बी हा पर्याय, पुढे उणे एक) आणि थेट शेवटी जा. बघायचं एवढंच, की मशीनला कुणी बंद व्हायला सांगितलं, की त्याच्या पायाखालची वीजच गेली. सांगितलं असेल तर शेवटच्या ओळींमध्ये एकेक सर्व्हिस थांबल्याच्या नोंदी दिसतात. मिरजेत एका ओळखीच्या घरी असंच मशीन बंद पडायचं, आणि त्याच्या नोंदीत त्या सगळ्याच्या जरा वर "पॉवर की प्रेस्ड" अशी ओळ होती. कॅबिनेटचं बटण धुळीने आत अडकत होतं, कुणी हात न लावताच दाबलं जायचं. बटण काढून पुसलं, काम झालं. त्याच जागी तापमान धोक्याच्या पातळीला गेल्याची नोंदही सापडू शकते. मग फॅन, हीट सिंकमधली धूळ, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट हे बघायचं, आणि एप्रिल-मे मध्ये मशीन माळ्यावर किंवा बंद कपाटात ठेवायचं नाही.

नोंद मधेच तुटली असेल, म्हणजे साध्या ओळी चालू आहेत आणि पुढे काहीच नाही, तर वीज अचानक गेली, किंवा प्रोसेसर फार तापून हार्डवेअरने स्वतःच तोडली, किंवा मशीन जागच्या जागी गोठलं. एक लक्षात ठेवा, साध्या नोंदी डिस्कवर पक्क्या व्हायला पाच मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. त्यामुळे शेवटची ओळ 7:10 ची असली तरी लाइट 7:14 ला गेलेली असू शकते. एनव्हीएमई एसएसडी (मदरबोर्डवर थेट बसणारी डिस्क) असेल तर स्मार्टसीटीएल या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या कमांडमध्ये "अनसेफ शटडाउन्स" (नीट बंद न होता वीज गेल्याच्या खेपा) हा आकडा दिसतो. आज लिहून ठेवा, पुढच्या वेळी बंद पडलं की परत बघा. वाढला असेल तर नीट बंद न होताच डिस्कची वीज तुटतेय, मग ती बाहेरून जात असो किंवा मशीन तापून तोडत असो.

तसं निघालं तर एसएमपीएसच्या आधी इन्व्हर्टरवर संशय घ्या. घरचा इन्व्हर्टर पंख्या-दिव्यांसाठी असतो. लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला त्याला काही मिलिसेकंद लागतात, आणि तेवढा वेळ एसएमपीएसला आपल्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर काढावा लागतो. चांगला एसएमपीएस पूर्ण लोडवर साधारण 16-17 मिलिसेकंद तग धरतो. जुना त्याहून कमी. अनेक इन्व्हर्टरना मागे किंवा मेनूत यूपीएस मोड असतो. त्यात हा बदल 10 मिलिसेकंदांच्या आसपास होतो, साध्या मोडमध्ये पंख्याला कळतही नाही इतक्या पण कॉम्प्युटरला जड जातील इतक्या सावकाश. तो मोड लावलाय का बघा. खात्री करायची तर मशीन बंद करून आतल्या डिस्कच्या केबल काढून ठेवा (एनव्हीएमई असेल तर ती डिस्कच काढा), मग पेनड्राइव्हवरच्या उबुंटूने चालू करा, आणि इन्व्हर्टरकडे जाणारा एमसीबी खाली करा. मशीन रीस्टार्ट झालं किंवा बंद पडलं तर कारण समोर आहे, आणि डेटाला धक्काही लागत नाही.

वायरमनकडून संध्याकाळचं व्होल्टेज मोजून घ्या, तेही पाण्याची मोटर चालू असताना. 230 च्या जागी मोटर लागताच काटा फार खाली येत असेल तर इन्व्हर्टर दर वेळी बॅटरीवर उडी मारतो, आणि लाइट न जाताही मशीन पडतं. न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेजही तपासायला सांगा. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर न्यूट्रलचा जोड ढिला किंवा अर्थिंग खराब असू शकतं. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालत राहावं लागतं. वळवाच्या पावसात वीज कडाडते तेव्हा ही अर्थिंग फार कामाची असते.

माझा सल्ला, सर्व्हर आणि राउटर दोघांसाठी मिळून एक छोटा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस (व्होल्टेज थोडं वरखाली झालं तर बॅटरीवर न जाताच सावरणारा) घ्या आणि त्याची यूएसबी केबल सर्व्हरला जोडून एनयूटी हे यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर बसवा. बॅटरी संपत आली की सर्व्हर स्वतः नीट बंद होतो. यूपीएस तुमच्याकडे आधीपासून असेल तर मात्र त्याची 12 व्होल्ट 7 एएचची बॅटरी तपासा. तीन-चार वर्षांत ती थकते, आपल्याकडच्या उन्हात आणखी लवकर. थकलेली बॅटरी लाइट गेल्या क्षणी "संपली" म्हणते, आणि सर्व्हर आज्ञाधारकपणे बंद होतो. तेव्हा नोंदीत सगळं व्यवस्थित बंद झालेलं दिसतं आणि लोक सॉफ्टवेअरमध्ये कारण शोधत बसतात.

एवढं करूनही नोंद तुटतेच, तर मग दुकानदाराकडून एसएमपीएस दोन दिवस लावून बघायला मागा, आणि रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवा. बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याचा पर्याय असतो, तो कारण सापडल्यावरच लावा. आधी लावलात तर मशीन रात्री पडून परत उठेल आणि सकाळी तुम्हाला पत्ताही लागणार नाही.